दिवसा घेतलेलं रक्त

कुत्रा ढोरांच्या कोठ्यात खुंट्याला बांधलेला होता आणि अंगणात माणसं काठ्या घेऊन उभी होती. सगळ्यांच्या पुढे माझा धाकटा दीर. त्याच्या हातात काठी नव्हती, लोखंडी सब्बल होती. मी कोठ्याच्या दारात बसले होते. आमच्या कोठ्याचं दार अरुंद आहे, एक माणूस बसलं की दुसऱ्याला आत जाता येत नाही. म्हणून बसले होते.

"वैनी, उठा तिथून," दीर म्हणाला.

"कायले?"

"कुत्रा पिसाळला. साऱ्या गावाले दिसून राह्यलं, तुमालेच नाई दिसत?"

"मले मोतीबिंदू हाये, भाऊजी."

मागे कोणीतरी हसलं. दीर हसला नाही. त्याची नातवंडं दिवसभर आमच्याच अंगणात खेळतात. त्याचं भय खोटं नव्हतं.

आत कुत्रा भुंकला. म्हणजे त्याने तोंड उघडलं आणि घशातून फाटक्या भात्यासारखी नुसती हवा निघाली. ते ऐकून पुढची माणसं मागे सरली.

"ऐकलं का? आवाज बसला म्हंजे झालं. त्या शाळेजवळच्या लाल कुत्रीचा असाच बसला होता."

शाळेजवळच्या लाल कुत्रीला याच माणसांनी मागच्या बाजाराच्या दिवशी मारलं होतं. तिचं तोंड सुजलं होतं, डोळ्यांवर निळसर साय आली होती, लाळ गळत होती. आमच्या कुत्र्याचंही सगळं तसंच होतं. मी नाही कशाला म्हणू? मी रोज त्याला बघत होते.

"मारा," मी म्हटलं. "मी उठतो. पण आधी येवढं सांगा, उद्यापासून बोडीच्या पाळीवर माझ्यासंग कोण बसन?"



आमचं घर मासोळीवर आणि थोड्या धानावर चालतं. गावाबाहेर जंगलाला लागून आमची बोडी आहे, लहानसं तळं. पावसाळ्यात तिच्यात मासोळीचं बीज सोडलं की पाणकावळे आणि बगळे तुटून पडतात. लेक आणि सून रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला जातात, तेव्हा पाखरं हाकायला पाळीवर, तिच्या बांधावर, मी बसते. पाळीच्या मागे झुडपं आहेत आणि झुडपांच्या मागे वाघ आहे. डुक्कर आलं की हा कुत्रा भुंकतो. माणूस आलं की वेगळा भुंकतो. वाघ असला की भुंकत नाही, गुपचूप येऊन माझ्या पायात शिरतो, आणि मी उठून गावाकडे चालू लागते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावची एक बाई मोहफुलं वेचताना गेली. तिच्यासोबत कुत्रा नव्हता.

लोकांना वाटतं, म्हातारीला कुत्र्याचा लळा आहे. लळा वगैरे काही नाही. मी त्याला नावसुद्धा ठेवलेलं नाही, हाळी घातली की येतो. मला त्याचे कान आणि नाक लागतं. माझे कान गेले आहेत.

शेवटी माझ्या लेकाने मध्ये तोंड घातलं. "काका, मी ढोरडॉक्टरले फोन केला. उद्या येते म्हणते. तिनं सांगतलं का मारा, त मी सोता मारतो."

"अन् तवरीक सुटला त?"

"साखळी लावतो. कोठ्याले बाहेरून कडी लावतो."

दिराने सब्बल खांद्यावर टाकली. जाताना म्हणाला, "वैनी, तुमी बी आतच राहा मंग. दोघाईले एकच कडी पुरन."

तेव्हा मात्र सगळे हसले, आणि मीही हसले. हसणारा माणूस लगेच मारत नाही, हे मला माहीत आहे.

ही माणसं निर्दय आहेत असं मी म्हणणार नाही. मी लहान होते तेव्हा आमच्या माहेरच्या गावात कुत्रा चावून एक माणूस मेला. धडधाकट माणूस, नावाडी. त्याला असंच कोठ्यात बांधलं होतं. पाण्याचा लोटा पुढे केला की त्याचा गळा आवळायचा आणि तो भिंतीवर डोकं आपटायचा. आम्ही पोरं कुडाच्या फटीतून बघत होतो. ज्याने हे पाहिलं आहे त्याला कुत्र्याची दया करा असं सांगायला मी जात नाही. मीही पाहिलं आहे. त्या दिवशी दारात बसताना कुत्रा पिसाळलेला नाही अशी माझी खात्री नव्हती. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. तो मध्येच बरा व्हायचा. दोन दिवस पडून राहायचा, तिसऱ्या दिवशी उठून भाकर खायचा, पुन्हा पडायचा. तो नावाडी एकदा पडला तो मध्ये कधी बरा झाला नव्हता.

ढोरडॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आली. लातूरकडची पोरगी, माझ्या नातीच्या वयाची. सोबत दवाखान्याचा कंपाउंडर होता. तिने हातमोजे घातले, लेकाला पोत्याने कुत्रा दाबून धरायला लावला आणि त्याच्या तोंडाला पट्टी बांधली. मग जबड्याखाली बोटांनी चाचपलं, ओठ उचलून हिरड्या बघितल्या. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

अंगणात पुन्हा सगळे जमले होते. या वेळी काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

"आजी, मी याचं रक्त घेते," ती म्हणाली. "पण आधीच सांगते. पिसाळलाय का नाही ते रक्तात दिसत नाही. ते कुत्रा मेल्यावर त्याच्या मेंदूत बघतात."

"मंग रक्त कायले घेता, बाई?" दीर म्हणाला. "मेंदूच घेऊन जा ना. आमी काढून देतो."

"दुसरा एक आजार आहे, काका. त्याचा जंतू रक्तात असतो. त्यातही तोंड सुजतं, आवाज बसतो, डोळे पांढरे होतात. जंतू दिसला तर त्याला औषध आहे."

"अन् नाई दिसला त?"

"तर पुन्हा बघायचं."

हे 'पुन्हा' दिराला आवडलं नाही. तो तोंड फिरवून थुंकला.

तिने कुत्र्याच्या कानाच्या कडेला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेने तो पसरवला. पसरवताना तिचा हात असा सरकला जसा आम्ही भिंतीवर सारवणाचा शेवटचा हात फिरवतो. काचा वाळवून डबीत ठेवल्या. मग मागे वळून विचारलं, याला खायला कोण घालतं?

सून पुढे आली. तिच्या बोटाला विळा लागला होता, चिंधी बांधलेली होती. कुत्रा तो हात चाटायचा.

"आजच दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची," डॉक्टर म्हणाली. "रक्ताची वाट बघायची नाही. कुत्र्याचं काहीही निघू दे. आणि ज्यांनी आता धरलं त्यांनीपण घ्यायची."

सून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, उद्या गेलं त नाई चालत? आज रोवण्याले मजूर लावले हायेत."

"नाही चालत."

लेक आणि सून दोघं गेली. पुढचे सगळे डोसही दोघांनी घेतले. मीच मागे लागून पाठवलं. रोवणा दोन दिवस मागे पडला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. लेक बोलला आणि फोन ठेवून म्हणाला, "निगेटिव्ह आलं."

"मंग बरं झालं ना, आत्याबाई," सून म्हणाली.

कोरोनाच्या साथीत आम्ही सगळ्यांनी हा शब्द शिकला होता. निगेटिव्ह म्हणजे सुटलो, घरी जा. मला मात्र समजायला वेळ लागला नाही. "माणसाले बरं," मी म्हटलं. "आपल्या कुत्र्याले वाईट. याचा जंतू दिसला असता त हा जगला असता."

सून माझ्याकडे बघत राहिली. रोग निघावा म्हणून वाट बघायची, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला तयार नव्हती. माझ्याही आधी कधी शिरली नव्हती.

संध्याकाळी दीर आला. बातमी त्याच्या आधी गावात फिरली होती. ओट्यावर बसला, चहा घेतला. चहा घेऊन म्हणाला, "रक्तात काई नाई म्हंजे मेंदूत हाये. डॉक्टरीणच म्हणत होती."

"तिनं पुन्हा बघायचं म्हटलं."

"कवरीक पुन्हा बघत बसतीन, वैनी? मी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो. त्याच्यानंतर तुमाले इचारत नाई."

बाजाराला अजून चार-पाच दिवस होते. त्याने कप उपडा ठेवला आणि गेला.

त्या दिवशी दिवसभर मी पाळीवर एकटीच बसले होते. पाणकावळे हाकले की मागे वळून बघायचं, पुन्हा हाकले की पुन्हा बघायचं. मान दुखली. आणि बघता बघता रक्ताचाच विचार करत राहिले.

आमच्या भागातल्या माणसाचं रक्त आयुष्यभर कोणी ना कोणी घेऊन जातं. हिवतापवाले येतात, ताप असेल त्याचं बोट टोचतात आणि काच घेऊन जातात. शाळेत पोरांचं सिकलसेलसाठी घेतात. आणि हत्तीपायवाले रात्री येतात. झोपलेल्या माणसाला उठवून बोट पुढे करायला लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हा या गावात घरटी एक सुजलेला पाय होता. माझ्या सासूचा पाय खांबासारखा होता. आम्ही पहिल्यांदा भांडलो होतो, रात्री कशाला येता, चोर आहात का? तेव्हा त्या माणसाने सांगितलं होतं, की हा जंतू दिवसा आत लपून राहतो, रात्री रक्तात वर येतो. दिवसा घेतलं तर सापडत नाही. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि कुत्र्याचं रक्त भर दुपारी घेतलं होतं.

मला वाटलं, सापडलं. एवढ्या शिकलेल्या पोरीला एवढं कळलं नाही याचा रागही आला. दुसऱ्या दिवशी पाळीवर जायचं सोडून मी सवारीच्या काळीपिवळी गाडीत बसले आणि दवाखाना गाठला. डॉक्टर एका शेळीचं खूर बघत होती. मी तिथेच उभी राहून सांगितलं.

"बाई, तुमी रक्त दिवसा घेतलं. जंतू दिवसा लपते. रातचं येऊन घ्या."

कंपाउंडर हसायला लागला. "आजी, कुत्र्याले काय हत्तीपाय झाला?"

"तू हस. तुझा कुत्रा नाई मरून राह्यला."

डॉक्टरने शेळी सोडली, हात धुतले आणि मला बाकावर बसवलं. "आजी, तुम्ही म्हणता तसा एक जंतू कुत्र्यातही असतो, रात्री वर येणारा. पण त्याने आवाज बसत नाही, डोळे असे होत नाहीत. मी शोधतेय तो वेगळा." मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुमच्याकडे हिवतापाचं रक्त कधी घेतात?"

"ताप चढल्यावर."

"का?"

"तवाच सापडते म्हणतात."

"हं. तर हा तसला आहे. ताप चढला की रक्तात भरपूर, ताप उतरला की बोटावर मोजण्याएवढे, कधी तेवढेही नाहीत. मी आले त्या दिवशी त्याला ताप नव्हता."

दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. हत्तीपायाचीही आणि हिवतापाचीही. दोन्ही माझ्याच बोटातून गेल्या होत्या. त्यातली चुकीची उचलून मी एवढ्या दूर आले होते. पण आले नसते तर बरोबरची कोणी सांगितली नसती, हेही खरं आहे. ती स्वतःहून सांगायला आली नसती असं मी म्हणत नाही. तिच्याकडे गावं किती आणि ती एकटी किती.

"ताप कसा ओळखाल?" तिने विचारलं.

"मागच्या पायाच्या जांघेत हात लावून. लेकरं वाढवली मी."

"हात लावताना तोंडाला पट्टी आधी. आणि ताप चढला की इकडे आणा. काचेवर वाळवून नेण्यापेक्षा ताजं रक्त दुर्बिणीखाली ठेवलं की जंतू हलताना दिसतो. दुर्बीण मला गावात आणता येत नाही."

तिने मलाही सुई घेऊन यायला लावलं. मी घेतली. दंड दोन दिवस दुखला.

त्यानंतर मी रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुत्र्याच्या जांघेत हात घालत होते. लेक तोंड बांधायचा, पोतं टाकायचा, मी हात लावायचे. जांघ गार. भाकर खाल्ली, पाणी पिताना अर्धं सांडलं, पण प्यायला. दिराची बायको कुडापलीकडून बघायची. एकदा म्हणाली, "काऊन वं बाई, कुत्र्याची नाडी पाहून राह्यली का? मायी बी पाहा, दोन दिवसापासून अंग कसं तरी होऊन राह्यलं."

"तुझं डोकं तपासतो आधी," मी म्हटलं. आमचं असंच चालतं.

चांगला राहिला तेवढे दिवस मला तो आजारी पडायला हवा होता. रोज सकाळी कोठ्यात जाताना मनात एकच, आज तापू दे. असं मी कोणत्याही जिवाबद्दल आधी चिंतलं नव्हतं. वाईट वाटलं असं नाही, पण विचित्र वाटलं. बाजाराचा दिवस जवळ येत होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी तो उठला नाही. दुपारी हात लावला तर जांघ तव्यासारखी. मी लेकाला शेतातून बोलावलं. तो चिखलाच्या पायांनीच आला. काळीपिवळीवाल्याने कुत्रा बघितला आणि गाडीच सुरू केली. "पिसाळलेला गाडीत नाई घेत, भाऊ. सवारी पळन माझी."

आमच्याकडे मासोळी विकायला न्यायचा क्रेट आहे, फटफटीला मागे बांधतो तो. लेकाने त्यात पोतं अंथरलं, कुत्र्याचं तोंड बांधून त्याला आत ठेवलं आणि वरून जुनं जाळं चहूबाजूंनी आवळून बांधलं. जाळं बांधण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही. क्रेटच्या मागे कशीबशी मी बसले. या वयात फटफटीच्या कॅरिअरवर बसायचं म्हणजे हाडं मोजत जायचं.

चौकात पानठेल्यावरच्या माणसाने हात केला. "मासोळी कोणती हाये गा आज?"

"भुकणारी हाये," लेक म्हणाला. "देऊ का अर्धा किलो?"

"भुकते कुठी? चूप त बसली हाये."

"तिचा आवाज बसला म्हणूनच डॉक्टरकडं नेऊन राह्यलो."

तो माणूस हसत जवळ आला, जाळ्यातून आत बघितलं आणि हसायचा थांबला. आम्ही पुढे निघालो.

डॉक्टरने जाळं सोडायला लावलं नाही. जाळ्याच्या एका भोकातून कान बाहेर ओढला, टोचला, थेंब काचेवर घेऊन त्यावर बारीकशी दुसरी काच ठेवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ती काच इकडून तिकडे सरकवत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. कंपाउंडर त्या दिवशी हसत नव्हता.

"आजी, या," ती म्हणाली. "चांगल्या डोळ्याने बघा."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा मी लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग गोल गोल दाणे दिसले, एकमेकांना चिकटून पसरलेले. ते रक्त. आणि त्या दाण्यांमध्ये काहीतरी वळवळत होतं. नखाच्या कडेसारखं बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, दाण्यांना ढकलत, वाट काढत. जाळं ओढून काठाला आणलं की गाळात मासोळीचं बीज असंच तडफडतं. एक दिसलं, मग दुसरं. ते थांबत नव्हतं.

"हाच?"

"हाच."

लेकानेही बघितलं. बघून म्हणाला, "हे त पोहून राह्यले."

डॉक्टरने कुत्र्याचं वजन केलं, औषध मोजून भरलं. ही सुई जालीम आहे, हिनेही कुत्रा मरू शकतो, असं तिने आधी सांगितलं. मी म्हटलं, द्या. पक्कं करायला तिने रक्ताची दुसरी काच जिल्ह्याला पाठवली. सुई दिल्यावर कुत्रा थरथरत पडून राहिला आणि डॉक्टर माझ्याशी बोलत बसली. तिने विचारलं, एवढ्यात गावात कोणाचं ढोर मेलं का? गाय, म्हैस, हल्या?

मेला होता. माझ्या दिराचा हल्या, म्हणजे रेडा. त्याची नांगराची जोडी होती, काळे, दणकट, रेड्यांत उठून दिसणारे. रोवण्याच्या तोंडावर त्यातला एक वाळत गेला, गोल गोल फिरायला लागला आणि एका सकाळी पडला तो उठला नाही. दीर म्हणाला पान लागलं, म्हणजे साप चावला. ओढत नेऊन ढोरफोडीवर टाकला. मेलेली ढोरं आमच्याकडे तिथेच टाकतात. गावातल्या कुत्र्यांनी चांगले तीन दिवस खाल्ला. आमच्यानेही खाल्ला, शाळेजवळच्या लाल कुत्रीनेही.

"ढोरांना चावते ना मोठी माशी, रक्त काढणारी? ती हा जंतू एका ढोरातून दुसऱ्यात नेते," डॉक्टर म्हणाली. "आणि असं कच्चं मांस खाल्लं तर कुत्र्याला तोंडातूनही होतो. दुसरा हल्या कसा आहे?"

"बारीक झाला."

"त्याचं रक्त मला हवं आहे. लवकर."

घरी आल्यावर मी कुडापलीकडे गेले. दीर खाटेवर पडला होता. मी जे पाहिलं ते सांगितलं. नख, दाणे, वळवळ, सगळं. तो ऐकून घेत होता. मी हल्याचं नाव काढलं तसा तो उठून बसला.

"म्हंजे तुमच्या कुत्र्याचा रोग माझ्या हल्यानं देल्ला?"

"मी नाई म्हणत. डॉक्टरीण म्हणते."

"माझ्या हल्याले पान लागलं होतं."

"दुसऱ्याले बी पान लागून राह्यलं का, हळूहळू?"

"वैनी, तुमचा कुत्रा ठेवला ना मी? ठेवला. आता माझ्या ढोराच्या मागं लागू नका."

खरं होतं, त्याने कुत्र्याचं नाव सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना आमच्या अंगणाकडे बघितलंसुद्धा नाही. पण हल्या न्यायला तो तयार होईना. मला वाटतं, त्याला रोगाचं एवढं नव्हतं. ज्या हल्याला त्याने हाताने चारा घातला त्याचं मांस कुत्र्यांत रोग होऊन फिरलं, हे त्याला ऐकवत नव्हतं. आणि लाल कुत्रीला पहिली काठी त्याने घातली होती. ती पिसाळलीच नव्हती, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही. तो आजार तिला होताच हे आता कोण सांगणार? तिचं रक्त कोणी घेतलं नाही.

डॉक्टर दोन दिवसांनी स्वतःच आली. साऱ्या गावच्या ढोरांचं रक्त घेते म्हणाली. माणसं आपापली ढोरं घेऊन मारुतीच्या पारासमोर आली. दीर आला नाही. त्याची बायको आली, हल्याच्या वेसणीला दोरी लावून, एकटी.

"माया डोक्याचं नाई, याचं पाहा," ती मला म्हणाली.

तिच्या हल्याच्या रक्तात जंतू निघाला. अजून एकदोन ढोरांत निघाला. डॉक्टरने सगळ्यांना सुया दिल्या. पण हल्या तोवर फार खाली गेला होता, मागचे पाय ओढत चालत होता. पडला तेव्हा दीर त्याच्याजवळ बसून होता, हिरवं गवत तोंडाशी धरत होता. हल्या वास घ्यायचा आणि तोंड बाजूला करायचा.

मेल्यावर दीर माझ्या लेकाकडे आला. "ढोरफोडीवर नाई टाकत," म्हणाला. "डॉक्टरीण म्हणते पुरा." हल्याला पुरायचं म्हणजे विहिरीएवढा खड्डा. पावसाने जमीन जड झाली होती. सब्बल, फावडी घेऊन सात-आठ माणसं दुपारभर खणत होती. मी चहा नेला. दीर खड्ड्यात उभा होता, कमरेपर्यंत चिखल. त्याने कप घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुत्रा खाऊन राह्यला का?"

"खाते."

"हं," म्हणाला आणि कप परत दिला.

कुत्र्याचं रक्त आणखी एकदा तपासावं लागलं. ताप चढला होता म्हणून नेलं, पण या वेळी तो कशाचा तरी साधा ताप निघाला. दुर्बिणीखाली दाणेच दाणे, वळवळ नाही. लेक फोनवर सुनेला म्हणाला, "निगेटिव्ह," आणि मग घाईने पुढे म्हणाला, "बरं वालं निगेटिव्ह."

दिराचे दोन्ही हल्ये गेले. कुत्रा जगला. त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही.